आपण न पाहिलेलं बेट

दिगू,

तुझा फ्लेक्स मार्केट यार्डाच्या फाटकावर लागला. फोटो पासपोर्टचा मोठा केलाय, त्यामुळे तू जन्मात कधी नव्हतास इतका गंभीर दिसतोस. खाली शोकाकुल मंडळींचे नऊ फोटो आहेत, त्यातले दोन तुझ्या फोटोहून मोठे. आणि मधोमध, पिवळ्या ठळक अक्षरांत: ‘ग्रीस देशातील स्कोपेलोस बेटावर पाऊल ठेवणारे खामगावचे पहिले कापूस ग्रेडर.’

छापण्याआधी तुझ्या पुतण्याने, विनोदने, मला फोन केला होता. “सर, स्कोपेलोस का स्कोपोलेस?” मी सांगितलं. शुद्धलेखन बरोबर आलंय. मजकूर खोटा आहे.

तो खोटा आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. आता एकालाच.

परवा यार्डातल्या शेडमध्ये शोकसभा आहे. बोलायला मलाच उभं करणार, आणि काय बोलायचं तेही लोकांनी ठरवून टाकलंय. “सर, तुमचं ते बेटाचं सांगा. दिगूभाऊ अन् तुम्ही पायऱ्या चढले ते.” सात वर्षांत ते भाषण मी खामगावात दोनदा, चिखलीत एकदा, बुलढाण्यात एकदा आणि लोणारच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या मांडवात एकदा केलं. प्रत्येक वेळी तू माझ्याबरोबर आलास, बाहेरगावी एसटीनंसुद्धा, समोर बसलास आणि ऐकून घेतलंस. परवा तू ऐकायला नाहीस, म्हणून हे आधी तुला लिहितो आहे. मला खरं सांगायचंय. सांगता येईल की नाही, ते लिहिता लिहिता पाहू.

तुझं काम मला फार उशिरा कळलं. बाजारात कापसाची गाडी आली की तू ढिगात कोपरापर्यंत हात घालायचास आणि वरचा देखणा कापूस सोडून आतला मूठभर काढायचास. सरकी दाताखाली फोडायचास. कट्ट असा आवाज आला तर कापूस वाळलेला, नुसती चेमटली तर ओला. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी सांगायचास. तुमच्या बोलीत स्टेपल. तू बोललास की गाडीवाला आणि घेणारा दोघंही गप्प. मी छत्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. माझ्या बोलण्यावर पहिला बाकसुद्धा कधी गप्प बसला नाही.

ग्रीसचं वेड माझं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं इंग्रजी प्रवासवर्णन होतं. मुखपृष्ठ गेलेलं, लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं. त्यात स्कोपेलोसच्या बंदराचं एक चित्र होतं: धक्क्यापासून डोंगराच्या कुशीपर्यंत एकावर एक चढत गेलेली पांढरी घरं, मधे मधे लहान लहान देवळांसारखी चर्चं, आणि खाली निळ्याच्याही पुढचा निळा. तिशीत ते चित्र पाहिलं आणि पुढची तीस वर्षं बायकोला सांगत राहिलो. निवृत्त झालो तेव्हा ती म्हणाली, “तुमी जा. मले त्या डब्यात बसून आभाळात जायाचं नाई. दिगूभाऊले घेऊन जा, ते मोकळेच हायेत.”

तू मुंबईला एकदा चौपाटी पाहिली होतीस, तेवढाच तुझा समुद्र. मी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, “काय हाय तिथं?”

“बेटं. समुद्र. जुनी शहरं.”

“खायाले?”

“मिळते.”

“चाल मंग.”

माझ्या तीस वर्षांच्या ध्यासाला तुझी मंजुरी मिळायला अर्धं मिनिट लागलं.

सोबतीला पुण्याचा गट होता. पहिल्याच दिवशी न्याहारीला एका बाईंनी कौतुकानं विचारलं, “तुम्ही दोघं कुठली भाषा बोलता? फार गोड वाटते ऐकायला.” तू पावाला लोणी लावत म्हणालास, “मराठीच हाय मॅडम. पॉलिश नाई केली.” त्यानंतर आठवडाभर त्या बाई तुझ्याच टेबलावर बसायच्या, आणि मी, ज्यानं त्या सहलीसाठी अकरा पुस्तकं वाचली होती, कोपऱ्यात एका निवृत्त बँक मॅनेजरचं पाठदुखीपुराण ऐकत असायचो.

अथेन्सच्या टेकडीवर तू खांबांकडे बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस, “छत कुठी गेलं?” मी सविस्तर सांगितलं. तुर्कांनी आत तोफांची दारू साठवली, व्हेनिसवाल्यांनी तोफ डागली, स्फोट झाला. तू मान डोलावलीस. “म्हंजे ठेवलं एकानं, फोडलं दुसऱ्यानं, अन् तिकीट काढून राह्यलो आपण.” मी इतिहासाची एवढी छोटी व्याख्या ना त्याआधी ऐकली, ना नंतर.

ती बंदरं आता मला माझ्या पुस्तकांतून आठवत नाहीत, तुझ्यामुळे आठवतात. नाफ्प्लियोला पाण्यातच बांधलेला तो चिमुकला किल्ला, संगमरवराच्या फरश्यांचा झिजून गुळगुळीत झालेला चौक, आणि वरच्या मोठ्या किल्ल्याच्या पायऱ्या. तिसऱ्या वळणावर मी बसलो. तू वर जाऊन आलास आणि सांगितलंस, “काई नाई तिथं. वारा हाय. पण वारा चांगला हाय.” हायड्रा बेटावर मोटारीला बंदी. बोटीतून उतरलेलं सामान गाढवं-खेचरं वाहून नेतात. गटातले सगळे जुन्या कप्तानांच्या दगडी हवेल्यांपुढे फोटो काढत होते आणि तू एका खेचराचा खूर उचलून नाल पाहत होतास. मालक धावत आला. तू त्याला बोटानं एक सैल झालेला खिळा दाखवलास. त्यानं तुला कॉफी पाजली. मला नाही.

इजिनाला पिस्त्यांची पोती उघडी मांडलेली. तू दोन फोडलेस, एक चावलास आणि दुकानदाराकडे पाहून नुसती मान हलवलीस: मागच्या सालचे. तो आधी ओशाळला, मग मोठ्यानं हसला आणि फळीखालून दुसरं पोतं काढलं.

आणि दोर. बोट धक्क्याला लागताना खलाशी जाड दोराचा फास फेकतो आणि तो लोखंडी खुंट्यावर जाऊन बसतो, ते पाहायला तू प्रत्येक बंदरात सगळ्यात पुढे. “एका फेकीत बसवला बे मास्तर! पाह्यलं का?” मी पाहिलेलं नसायचं. मी त्या बंदराचा सहाव्या शतकातला व्यापार वाचत असायचो.

आता तो दिवस. तो मी आजवर कोणाला सांगितला नाही, म्हणून तुलाच सांगतो.

गट मेटिओराच्या सुळक्यांवरचे मठ पाहायला दोन दिवस थांबणार होता. मी टूरवाल्याला ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून दिलं आणि आपल्या दोघांसाठी टॅक्सी ठरवली. मेटिओराहून व्होलोस बंदर, तिथून दुपारची बोट, संध्याकाळी स्कोपेलोस. एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत येऊन अथेन्सला गटाला गाठायचं. त्या दिवसांत बोट दिवसातून एकच होती. ड्रायव्हर थानासिस, पोरसवदा नव्हे, चांगला चाळिशीचा, मोडकं इंग्रजी बोलणारा. त्याला मी निघण्याआधी तीनदा वेळ सांगितली होती.

ऑक्टोबर होता. लारिसा गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं सुरू झालं. तू डुलक्या देत होतास. अचानक सरळ बसलास.

“थांबव. थांबवाले सांग त्याले.”

“कायले?”

“कापूस हाय.”

“मंग? कापूस पाहाले विमानात बसलो का आपण?”

“पाच मिन्टं बे. पाचच.”

थानासिसला ‘कॉटन’ कळलं आणि त्याचा चेहरा उजळला. पुढचं वावर त्याच्या काकांचंच होतं. त्यानं मला विचारलंही नाही. गाडी बांधावर घेतली.

मी उतरलो नाही. बुटांना चिखल लागेल असं कारण मी स्वतःला दिलं. चिखल नव्हता. मी पुस्तक उघडलं, पण काचेतून सगळं दिसत होतं. वावरात वेचणीचं मोठं यंत्र उभं होतं आणि त्याच्याशेजारी टोपी घातलेला एक म्हातारा, हात कमरेवर, कपाळाला आठ्या. तू त्याला रामराम केलास. तो बोलला नाही. तू एक बोंड घेतलंस, कापूस उन्हाकडे धरलास, चिमटीत ओढलास आणि मग सरकी दाताखाली घेतलीस.

म्हाताऱ्याच्या आठ्या गेल्या. तो हसला. त्यानं आपल्या तळव्यावरची एक सरकी उचलली आणि तीही दाताखाली धरली. दिगू, तुम्ही दोघं तसेच उभे होतात, माना किंचित वाकड्या, एकाच बारीक आवाजाकडे कान लावून. कट्ट. मग तो ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाला आणि तू वऱ्हाडीत उत्तर दिलंस, “वरचा वाळला हाय काका, पण खालचा दमट हाय.” त्यानं मान हलवली. मी शपथेवर सांगतो, त्याला कळलं होतं.

मी पुस्तकात डोकं घातलं. पुन्हा वर पाहिलं तर वावरात कोणी नव्हतं. थानासिस धावत आला. “अंकल, युअर फ्रेंड, जिन! टू किलोमीटर! फाइव्ह मिनिट!” काका तुला आपल्या पिकअपमध्ये घालून जिनिंगला घेऊन गेले होते.

ती पाच मिनिटं मी मोजली. पासष्ट होती. शेवटी मीच थानासिसला ओढून तिकडं घेऊन गेलो. आवारात कापसाच्या ढिगापाशी तू उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला होतास. भोवती सहा-सात माणसं. ते तुझ्या हातात एकेक मूठ देत होते आणि तू सांगत होतास, ही पहिल्या वेचणीची, ही शेवटच्या कोपऱ्यातली, हिला पाणी जास्त झालं. वऱ्हाडीत. हातवाऱ्यांनी. ते एकमेकांकडे पाहून मान डोलवत होते आणि काका तर असे उभे होते, की तुला जणू त्यांनीच पेरला, त्यांनीच वाढवला. यार्डात लोक तुझं ऐकायचे ते ऐकावं लागायचं म्हणून. इथं तुला कोणी ओळखत नव्हतं, तुझी कोणाला गरज नव्हती, आणि तरी ते ऐकत होते. मला पाहून तू ओरडलास. तुझा तसा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

“मास्तर, इकडं ये ना! पाह्य, कवडी यायच्याकडंबी हाय!”

कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. जगाच्या दुसऱ्या टोकाला तीच कीड, तोच पिवळेपणा, तेच लपवणं, आणि तुला त्याचा एवढा आनंद झाला होता.

मी म्हणालो, “बोट.”

एवढंच. तुझा चेहरा उतरला. तू हात झटकून उठलास.

व्होलोसच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट दिसत होती, पण ती आपल्याला दिसू नये इतकी लहान होत चालली होती. मी तिथं, त्या सगळ्या लोकांसमोर, तुला बोललो. “तुले समुद्रावर आणलं काय अन् चंद्रावर नेलं काय, तू खामगावच्या यार्डातच राह्यशील. डोक्यात सरकी भरली हाय तुह्या.”

तू म्हणालास, “हाव, भरली हाय.”

थोड्या वेळानं म्हणालास, “अन् तुह्या डोक्यात पुस्तकाचे पानं.”

मग संध्याकाळभर आपण बंदरावर बसून होतो. ग्रीकांच्या जुन्या कथेतले वीर सोनेरी लोकर आणायला याच बंदरातून जहाज हाकारून निघाले होते. तू एकदाच विचारलंस, तेही मी रागावलोय हे विसरून, “ते जहाज कायचं म्हणत होता तू?” मी दोन वाक्यांत सांगितलं. तू पाण्याकडे पाहत म्हणालास, “ते लोकर आणाले समुद्र ओलांडून गेले, त्यायची पोथी झाली. मी कापूस पाहाले कोसभर गेलो तं तू बोंबलून राह्यला.”

मला हसू आलं होतं, दिगू. मी तोंड फिरवलं. दोन दिवसांनी विमानात खिडकीकडे तोंड करून हसलो, तुला दिसू नये म्हणून. हेही तुला सांगायचं राहिलं.

आता माझं पाप. आपल्याकडं माणूस निघायच्या आधीच त्याच्या परतण्याचा सत्कार छापून होतो. माझ्या व्याख्यानाची पत्रिका आपण मुंबईला विमानात बसण्याआधी वाटून झाली होती: ‘स्कोपेलोस: सागरातील शुभ्र स्वप्न. प्रत्यक्ष दर्शनाचा अनुभव.’ आपण गाडीतून उतरलो तर हार, नारळ, शाल, फटाके. मी आयुष्यभर शालींची थट्टा केलेला माणूस. त्या दिवशी शाल अंगावर आली तेव्हा कळलं, ती ऊबदार असते.

मी पन्नास मिनिटं बोललो. पुस्तकातलं चित्र घेतलं आणि त्यात आपल्या दोघांना उभं केलं. पांढऱ्या पायऱ्या, उंबऱ्यावर झोपलेली मांजरं, दारातल्या कुंडीत तुळशीसारखा वास येणारं रोप. काळ्या कपड्यातली एक म्हातारी आपल्याला वाळवलेली आलुबुखारं देते, हे मी जागेवर रचलं. ती म्हातारी अजूनही माझी सर्वोत्तम निर्मिती आहे. लोक तिच्याबद्दल आजही विचारतात.

आणि मग कोणीतरी तुला विचारलं, “दिगूभाऊ, तुमाले काय आवडलं बेटावर?”

तू खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून हळूहळू उठलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

“आवडाचं काय त्यात? पायऱ्या अन् पायऱ्या. माहे गुडघे गेले.”

सभागृह हसलं. तू बसलास. ज्यानं आयुष्यात एका चिमटीबद्दल खोटं सांगितलं नाही, तो माणूस माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलला. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर ते खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

त्याची किंमत काय, हे मला वर्षभरानं कळलं. यार्डासमोर चहा पीत होतो. नव्या कापसाचे दिवस. तू आणखी दोन ग्रेडरांना सांगायला सुरुवात केलीस, डोळ्यांत तीच चमक. “तिकडं ना, मी एका वावरात उतरलो. त्या म्हाताऱ्यानं सरकी...” त्यातला एक म्हणाला, “कवा? तुमी तं बेटावर होते ना?” तू थांबलास. माझ्याकडे पाहिलंस. मी पेल्यात पाहिलं.

“बसमधून दिसला,” तू म्हणालास. “कापूस. बसमधून.”

तुझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार, जी ज्यांना कळली असती अशी चाळीस माणसं त्या यार्डात रोज तुझ्याभोवती होती, ती तू तिथंच गिळलीस. माझ्या एका रचलेल्या म्हातारीसाठी तुझा खरा म्हातारा गेला.

तू त्यावर उपायही सुचवला होतास. “आपण एक डाव जाऊन येऊ ना बे त्या बेटावर. जाऊन आलो का खोटं मिटलं. मंग माह्या कापसाचं मी सांगतो, तुह्या पायऱ्यायचं तू सांग.” दरवर्षी म्हणायचास. कधी माझा रक्तदाब होता, कधी बायकोचं ऑपरेशन, कधी विमानंच बंद होती. खरं कारण वेगळं होतं. ते बेट माझ्या भाषणापेक्षा लहान निघेल याची मला भीती वाटत होती. तुला यातलं काही वाटत नव्हतं. तुला फक्त जायचं होतं, दोर कसा फेकतात ते पुन्हा पाहायचं होतं, आणि परत येताना कदाचित पुन्हा एकदा लारिसाच्या रस्त्यावर गाडी थांबवायची होती. मी नाही म्हणत राहिलो नाही, नुसतं ‘पाहू’ म्हणत राहिलो. ‘नाही’पेक्षा ते वाईट.

तर आज, एवढं लिहून झाल्यावर, तुझ्या घरी शोभावहिनींकडे गेलो. ठरवलं होतं, आधी त्यांना सांगायचं. पाहुणे पांगेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, “वहिनी, आम्ही त्या बेटावर गेलोच नव्हतो.”



“मंग गुडघे कायनं गेले त्यायचे?”

“बेटावरच्या पायऱ्यांनी तरी नाही,” मी म्हणालो.

“सात वर्षं तेल लावून राह्यले ना मी, भाऊ. त्या पायऱ्यायले शिव्या घालू घालू. अन् हे माणूस तोंडातून चकार काढत नव्हतं. ‘लाव, अजून जरा लाव, फार उंच होत्या.’” आणि त्या हसायला लागल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असाव्यात. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मी त्यांना वावराचं सांगितलं, म्हाताऱ्याचं, सरकीचं. त्या ऐकत होत्या.

“मले नाई सांगितलं त्यायनं,” त्या म्हणाल्या. “मलेबी नाई.”

मग म्हणालो, परवा सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, “सांगा. पण एक पाहा भाऊ. तुमचं काय, तुमी भाषणवाले मानसं, तुमचं लोक ऐकून सोडून देतात. त्यायचं तसं नव्हतं. त्यायच्या जवळ एक शबुदच होता. मेल्यावर त्यायले खोटं पाडू नका.”

दिगू, इथं मी अडकलोय. तुझी दुपार तुला परत करायची तर तू एकदा खोटं बोललास हे त्या यार्डात सांगावं लागेल, जिथं तुझ्या जिभेवर विश्वास ठेवून लोकांनी गाड्या रिकाम्या केल्या. न सांगावं तर फाटकावर पिवळ्या अक्षरांत तू माझं खोटं वाहत राहशील. तू असतास तर म्हणाला असतास, “काऊन डोकं खाऊन राह्यला, बोल अन् मोकळा हो.” पण ते मला सोयीचं आहे म्हणूनच मला ऐकू येतंय, असाही संशय आहे.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज सभा झाली.

शेडमध्ये दीडशेक माणसं होती. माझ्याआधी तिघं बोलले. एकानं तुला ‘कापूस क्षेत्रातील ध्रुवतारा’ म्हटलं. दुसऱ्यानं भाषणात तुझं नाव दोनदा चुकवलं आणि स्वतःच्या वडिलांचं एकदाही नाही. मग मला बोलावलं.

मी सांगितलं. सुरुवातीलाच, माघार घेता येऊ नये म्हणून. “आम्ही स्कोपेलोसला गेलो नाही. बोट चुकली. मी तुम्हाला सात वर्षं जे सांगितलं ते पुस्तकातलं होतं. दिगंबर माझ्यासाठी एक वाक्य खोटं बोलला आणि त्या एका वाक्यापायी त्याला स्वतःचं खरं कधी सांगता आलं नाही.” विनोदनं मान खाली घातली. वहिनी बायकांत बसल्या होत्या, माझ्याकडे टक लावून. कोणीतरी मागे हळू म्हणालं, “दिगूभाऊ खोटं बोलले?” आणि दुसऱ्यानं त्याला दटावलं, “मास्तरसाठी बोलले ना बे. आपल्यासाठी नाई.”

मग मी ती दुपार सांगितली. यंत्र, वावर, टोपीवाला म्हातारा, दाताखालची सरकी. भाषणासारखं नाही जमलं. मला त्यातले शब्दच येत नव्हते, तुझेच वापरले. मी सांगत गेलो तसतसे मागचे ग्रेडर पुढं सरकू लागले. खोक्यावर बसून तू मुठी ओळखत होतास ते सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी नकळत आपली बोटं चोळली.

मी थांबलो. टाळ्या अर्थातच नव्हत्या. मग तुमच्यातला सगळ्यात जुना, पांढऱ्या मिशांचा रहीमचाचा उठला.

“सर, स्टेपल किती निंघालं?”

“कशाचं?” मी विचारलं.

“त्या कापसाचं. दिगूभाऊनं ओढला ना धागा. मंग किती सांगितलं त्यानं?”

“मशीनचा वेचलेला म्हंजे पत्ती, पाल्याचा चुरा, लय असन,” दुसरा म्हणाला. “पत्तीचं काय बोलला?”

“ओल किती होती खालच्याले?”

“अन् आपल्यापेक्षा लांब का तोकडं, तेवढं तं सांगा.”

त्यांना बेटाचं काही विचारायचं नव्हतं. तू खोटं बोललास की नाही, तेही नाही. ते सगळे तुझ्या त्या दुपारच्या वावरात येऊन उभे राहिले होते आणि त्यांना तुझा निकाल हवा होता. सात वर्षं तो तुझ्याजवळ तयार होता. मी तो एकदाही विचारला नव्हता. वावरात नाही, धक्क्यावर नाही, त्यानंतरच्या सात हिवाळ्यांत रोज चहा पिताना नाही.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी विचारलंच नाही.”

रहीमचाचानं मान हलवली. रागानं नाही. “विचाराचं तं होतं, सर.” आणि खाली बसला. मग ते आपसातच बोलायला लागले, इतकं असेल, नाही, तितकं असेल, तिकडची जमीन काळी का तांबडी, पाणी कोणतं. कोणी वर्गातल्या पोरांसारखं हात वर करून मला विचारत होतं आणि माझ्याजवळ एकही उत्तर नव्हतं. सभा संपल्याचं कोणी जाहीर केलं नाही. मी माईक हातात धरून उभा होतो.

किती होतं रे, दिगू?